ट्वेडलसाहेबांची चुगली कोणी केली

पाकीट खाकी होतं, आणि खाकी पाकिटातून कधी चांगली बातमी आल्याचं ॲल्विन ट्वेडलला अठ्ठावन्न वर्षांत आठवत नव्हतं. त्यानं ते चहाच्या कपाला टेकवून ठेवलं, टोस्ट संपवला, सुरी पुसली आणि मगच फोडलं. रोजगार कार्यालयाचं पत्र होतं. आठ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता कंपनीचे सगळे कागद घेऊन यावं, कारण 'तुमच्या कामधंद्याबाबत आमच्याकडे माहिती आली आहे'.

"माहिती आली आहे म्हणे," तो बायकोला म्हणाला. "माहिती काय पायांनी चालत येते? कोणीतरी नेऊन दिली असणार."

हिलरी शाळेच्या ग्रंथालयात काम करायची आणि तिला निघायची घाई होती. देणार कोण, आणि मुळात देण्यासारखं आहे काय, असं तिनं कोट चढवता चढवता विचारलं. ॲल्विन खिडकीतून शेजारच्या कुंपणाकडे बघत होता.

भीती बेकारभत्ता बंद होण्याची नव्हती. ऑक्टोबरपासून किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्रात त्याला नवं कंत्राट मिळायचं होतं, आठ महिन्यांचं. तिथल्या फाटकातून आत सोडण्याआधी माणसाची सात पिढ्यांची तपासणी होते. सरकारला लुबाडल्याच्या संशयावरून चौकशी चालू आहे एवढी एक ओळ जरी कागदावर आली, तरी पास मिळणार नव्हता. आणि या वयात एकदा नावावर काट पडली की पुन्हा कोणी बोलावत नाही, हे त्यानं दोघातिघा ओळखीच्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

ॲल्विन रसायन कारखान्यांतल्या नळांचे आराखडे काढायचा. ईशान्य इंग्लंडात टीस नदीच्या तोंडाशी जे कारखाने धूर सोडत उभे आहेत, त्यांतल्या निम्म्यांचे नळ त्याच्या पेन्सिलीखालून गेले होते. पंधरा वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्यानं स्वतःची कंपनी काढली. कंपनीचा संचालक एकच, तो. नोकर एकच, तोही तोच. चिटणीस हिलरी. कचेरी म्हणजे मागच्या अंगणातली लाकडी खोली, पण दारावर पितळी पाटी होती आणि ती दर शनिवारी घासली जायची.

या धंद्यातल्या लोकांची एक तऱ्हा असते. ज्या कारखान्यात कंत्राटावर जातील तिथं आपण नोकर नाही हे त्यांना उठताबसता दाखवत राहावं लागतं. नाहीतर कर खातं येऊन म्हणणार, तुम्ही तर सरळसरळ नोकर, काढा नोकराचा कर. म्हणून ॲल्विन जाईल तिथं स्वतःची खुर्ची न्यायचा, स्वतःचा स्टेपलर न्यायचा, स्वतःचा कप न्यायचा. पंधरा वर्षांत तो कुठल्याही कारखान्याच्या ख्रिसमसच्या जेवणाला गेला नाही. कोणाच्या वाढदिवसाचा केक टेबलावर आला की हात वर करून म्हणायचा, नको, मी बाहेरचा माणूस. लोक त्याला तुसडा समजायचे. तो तसा नव्हता, पण कोण कधी काय लिहून घेईल याचा नेम नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं ते घेतलंच होतं.

मे महिन्यात तेलाचे भाव घसरले, तेव्हा तो जिथं कंत्राटावर होता त्या कारखान्यानं सगळी बाहेरची माणसं एका शुक्रवारी घरी पाठवली आणि ॲल्विन आपली खुर्ची डोक्यावर धरून गाडीपाशी आला. चाळीस वर्षं विम्याचे हप्ते भरले होते, तेव्हा बेकारभत्ता हा हक्कच होता, उपकार नव्हे. हिलरीनं तसं त्याला आठवडाभर सांगितलं तेव्हा कुठे तो कार्यालयात गेला. गेला तोही टाय लावून.

तिथल्या जनीन पोस्टगेट या बाईकडे त्याचं प्रकरण आलं. बाई त्याच्या मुलीच्या वयाची, इथल्या सगळ्या बायकांसारखी दिसेल त्याला 'राजा' म्हणणारी. पण ॲल्विनचा फॉर्म वाचत गेली तशी ती त्याला 'मिस्टर ट्वेडल' म्हणू लागली.

"शेवटचा मालक कोण तुमचा?"

"मीच."

"आणि कामावरून काढलं कोणी?"

"मीच काढलं. काम नव्हतं ना."

"उद्या काम आलं तर परत कोण घेणार?"

ॲल्विनची पंधरा वर्षं आपण कोणाचेच नोकर नाही हे सिद्ध करण्यात गेली होती, आणि आता आपण कोणाचे तरी नोकर होतो आणि आता नाही आहोत, हे या पोरीला पटवायचं होतं. जनीननं पेन टेबलावर ठेवलं, मालकाकडून कामावरून काढल्याचं पत्र आणा म्हणाली, आणि महिन्यातून दोनदा येऊन सही करून जा म्हणाली.

त्या संध्याकाळी ॲल्विननं कंपनीच्या कागदावर पत्र टाइप केलं. प्रिय मिस्टर ट्वेडल, आपणास कळवण्यास अत्यंत खेद वाटतो की, वगैरे. खाली संचालक म्हणून सही केली. त्याच्याखाली 'पत्र मिळालं' असं लिहून नोकर म्हणून सही केली. हिलरी हसून हसून खुर्चीत कलंडली आणि निरोपाचा केक आणू का म्हणून विचारू लागली. ॲल्विनला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

भत्ता सुरू झाला, पण त्याची सवय काही सुटेना. सकाळी आठ वाजता टाय लावून, डबा घेऊन तो अंगणातल्या खोलीत जायचा आणि साडेचारला परत यायचा. आत काय करायचा? पेन्सिलींना टोकं काढायचा. जुने आराखडे उलगडून पुन्हा गुंडाळून ठेवायचा. बहुतेक वेळ नुसता बसायचा. हे कोणाला दिसत नसेल अशी त्याची खात्री होती, आणि खाकी पाकीट आलं त्या दिवशी ती पहिल्यांदा डळमळली.

कारण कुंपणापलीकडे विल्फ गार्बट राहत होता.

विल्फ पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला, विधुर, आणि लीकवेडा. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचीच जाडजूड थोरली बहीण. इकडची माणसं ती लहान मुलाच्या मांडीएवढी वाढवतात आणि सप्टेंबरात गावच्या सभागृहात जोडीजोडीनं प्रदर्शनात मांडतात. हा शौक मुळातच संशयी माणसांचा. लीकला काय खत घालतो हे बाप मुलाला सांगत नाही. प्रदर्शनाच्या आधी लीक मंडळाची माणसं घरोघर येऊन जमिनीतल्या लीकवर शिक्का मारून जातात, म्हणजे ऐन वेळी कोणी दुसऱ्याच्या बागेतलं आणून ठेवायला नको. विल्फनं एकतीस वर्षं लीक लावली होती आणि पहिलं बक्षीस त्याला एकदाही मिळालं नव्हतं. यंदाची जोडी मात्र अशी आली होती की बघणाऱ्यानं टोपी काढावी. दोघांची शेजारधर्माची अठरा वर्षं झाली होती. विल्फच्या वाफ्यांवरच्या पाट्या ॲल्विननंच लिहून दिल्या होत्या, आणि प्रदर्शनातली बक्षिसांची कार्डंसुद्धा गेली अकरा वर्षं तोच लिहायचा.

पण एकदा मनात पाल चुकचुकली की अठरा वर्षं काय कामाची? ॲल्विनला एकेक आठवू लागलं. जूनमध्ये पोस्टाच्या रांगेत पाच माणसांसमोर विल्फ म्हणाला होता, "काय संचालकसाहेब, आज ऑफिसला सुट्टी?" तेव्हा सगळे हसले होते. विल्फची भाची नगरपालिकेत कामाला होती, म्हणजे कोणाकडे काय कळवायचं हे त्याला विचारायला घरचंच माणूस होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती वही. रोज सकाळी आठच्या सुमाराला विल्फ कुंपणापाशी उभा राहायचा, ॲल्विनच्या खोलीच्या दिशेनं बघायचा आणि खिशातून लाल वही काढून काहीतरी टिपून घ्यायचा.

"माझ्या वेळा लिहितोय तो," ॲल्विन हिलरीला म्हणाला. "आत कधी गेलो, बाहेर कधी आलो. टाय लावून कामाला जातो म्हणजे काम करतो, असं कळवलं असणार त्यानं."

"विल्फ?" हिलरी म्हणाली. "अरे, त्याला स्वतःच्या डॉक्टरची वेळ लक्षात राहत नाही."

"म्हणून तर वही लागते."

असल्या माणसाशी वाद काय घालणार? हिलरीनं नाद सोडला. ॲल्विननं मात्र नाद धरला. तो विल्फशी बोलेनासा झाला. विल्फनं टोमॅटो पुढे केले तर यंदा आम्हाला पित्त झालंय म्हणाला. कामगारांच्या क्लबात विल्फ आला की हा पेला अर्धा टाकून उठायचा. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याला दिसायचं, आपण अणुवीज केंद्राच्या फाटकावर उभे आहोत आणि पहारेकरी यादीत बघून मान हलवतोय.

मग एका दुपारी, खोलीत करायला दुसरं काही नसताना, त्यानं ते केलं. लीक मंडळाच्या अध्यक्षांना निनावी पत्र. विल्फ गार्बट यांची जोडी त्यांच्या वाफ्यातली नसून मेव्हण्याच्या काचघरात वाढलेली आहे आणि जुलैमध्ये आणून लावलेली आहे, मंडळानं चौकशी करावी. एक शब्द खरा नव्हता. आपल्यावर जे आलं ते त्याच्यावर येऊ दे, बघू दे त्यालाही खाकी पाकिटाची चव, एवढाच विचार होता. कंपनीचा कागद न वापरण्याची अक्कल त्याला होती. प्रिंटरची खूण राहते असं कुठेतरी वाचलं होतं म्हणून टाइपही केलं नाही. हस्ताक्षर कोणाला कळू नये म्हणून त्यानं सगळं मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलं, पट्टी धरून, सावकाश. आणि तीन मैल गाडी हाकून दुसऱ्या गावच्या पेटीत टाकलं.

आठ सप्टेंबरला तो दोन फायली घेऊन कार्यालयात गेला. हिलरीनं आदल्या आठवड्यात काही कागद कार्यालयाच्या खिडकीवर नेऊन दिले होते, काय ते त्यानं विचारलं नव्हतं. जनीननं संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"तुम्ही म्हणता जूनपासून पगार नाही. आमच्याकडे मात्र जून, जुलै आणि ऑगस्ट, तिन्ही महिने तुम्हाला पगार दिल्याची खबर आहे."

"कोणी दिली खबर?" ॲल्विन पुढे सरकला. "नाव सांगता येत नसेल तर नका सांगू. मला माहीत आहे. शेजारीच राहतो ना?"

जनीननं त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. मग पडद्यावरची ओळ बोटानं दाखवली.

"तुमच्या मालकानं दिलीय, मिस्टर ट्वेडल."

ओळीत त्याच्याच कंपनीचं नाव होतं. ॲल्विननं ते दोनदा वाचलं आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नोकराला किती पगार दिला हे मालकानं दर महिन्याला कर खात्याला कळवायचं असतं. तीन वर्षांपूर्वी त्यानं ते काम संगणकावर लावून दिलं होतं, दर अठ्ठावीस तारखेला आपोआप जाईल असं. मे महिन्यात त्यानं स्वतःला कामावरून काढलं, स्वतःला खेदाचं पत्र दिलं, बँकेतून पगार थांबवला. पण संगणकाला कोणी काढलं नव्हतं. तो इमानेइतबारे लिहीत होता की मालक ट्वेडल यांनी नोकर ट्वेडल यांना पगार दिला. ज्या खोलीत तो टाय लावून बसायचा, त्याच खोलीच्या कोपऱ्यातून, त्याच्या पाठीमागून, त्याची चुगली जात होती.

पुढचं सगळं पंधरा मिनिटांत उरकलं. बँकेच्या कागदांवर पैसे हललेले नव्हते. चुकीची खबर मागे घ्या, दुरुस्त करून पाठवा, मी हे प्रामाणिक चूक म्हणून बंद करते, असं जनीन म्हणाली. चौकशी नाही, नावावर काट नाही. ती आता हसत होती.

"खरं सांगू का राजा, खोलीत काम करता की नाही हा प्रश्नही माझ्या मनात होता. तुम्ही पहिल्या दिवशी टाय लावून आलात तेव्हापासून होता. पण घराबाहेरच्या कोणाचं तरी पत्र चालतं असं मी म्हटल्यावर तुमच्या बायकोनं हे आणून दिलं. ही मूळ प्रत आहे, तुम्ही ठेवा."

वहीतून फाडलेलं पान होतं. मोडकं अक्षर, एक सप्टेंबर तारीख, खाली विल्फ गार्बट.

विल्फनं लिहिलं होतं, 'माझ्या लीकच्या वाफ्यावरून त्याची खिडकी दिसते. रोज आठ वाजता जातो. टेबलावर काही नसतं. बसून राहतो. मध्ये एकदा पेन्सिलीला टोक काढतो. कारखाना बंद झाला तेव्हा मीसुद्धा वर्षभर डबा घेऊन समुद्रावर जाऊन बसायचो, बायकोला कळू नये म्हणून. त्यामुळे मला काम करणारा आणि नुसता बसणारा ओळखता येतो. हा माणूस लबाड नाही.'

ॲल्विननं पानाची घडी केली. त्याला इतकी लाज वाटली की जनीनला धन्यवाद म्हणायचंही राहून गेलं.

घरी न जाता तो सरळ विल्फच्या दारात गेला. विल्फ बागेतल्या अवजारांच्या खोलीत बादली उलटी टाकून बसला होता. त्याच्या मागे खिळ्याला एक कागद लटकवलेला होता. पट्टी धरून लिहिलेली मोठी सुटी अक्षरं ॲल्विनला दारातूनच दिसली. आराखड्यांवरच्या नोंदी चाळीस वर्षं ज्या अक्षरांत केल्या, तीच अक्षरं. हात लपवण्यासाठी त्यानं अख्ख्या गावाला ओळखीचा असलेला हात वापरला होता. सभागृहात दरवर्षी साठ कार्डांवर तोच असायचा.

"हे तुला कधी मिळालं?" त्यानं विचारलं.

"पंचवीस ऑगस्टला. अध्यक्ष घेऊन आला. नवा आहे, त्याला काय कळतंय. अक्षर ओळखतोस का, म्हणाला."

"मग?"

"नाही म्हणालो. पण मंडळाच्या बैठकीत फिरलं असतं तर पहिल्या रांगेतच ओळखलं असतं कोणीतरी. म्हणून मी यंदा नाव काढून घेतलं. स्पर्धकच नाही म्हटल्यावर तक्रार कसली? कागद मागून घेतला. काल शिक्के मारून गेले सगळीकडे. माझ्याकडे नाही आले."

बाहेर वाफ्यात ती जोडी उभी होती. ॲल्विनला तिकडे बघवलं नाही.

"हे आल्यावर तू माझ्यासाठी पत्र लिहिलंस?"

"हिलरीनं मागितलं. आणि त्यात लिहिलं ते खरं होतं, गड्या. तुझ्या पत्रातलं नव्हतं. एवढाच काय तो फरक." विल्फनं गुडघे चोळले. "मला एकच सांग. मी तुझं काय बिघडवलं होतं?"

"मला वाटलं, माझी चुगली तू केलीस. त्या वहीत माझ्या वेळा लिहून घेतोस."

विल्फनं लाल वही काढून त्याच्या हातात दिली. पानोपानी लीकचा घेर होता, मिलिमीटरात. रोज सकाळचा.

"मग कोणी केली होती चुगली?"

"मीच," ॲल्विन म्हणाला.

विल्फ हसेल असं त्याला वाटलं होतं. विल्फ हसला नाही. वही परत घेऊन तो म्हणाला, "जा आता. शनिवारपर्यंत कार्डं लिहायची असतील तुला."

त्या संध्याकाळी ॲल्विननं साठ कार्डं लिहिली. मग एक कोरा कागद घेतला आणि त्याच अक्षरांत अध्यक्षांना दुसरं पत्र लिहिलं. पहिलं पत्र कोणी लिहिलं, त्यात काय खोटं होतं, वहीत खरोखर काय होतं, सगळं. पंधरा वर्षं तो दर सहीखाली 'संचालक' लिहायचा. या वेळी नुसतं नाव लिहिलं. शनिवारी प्रदर्शनात, बक्षिसांच्या आधी, अध्यक्षांनी ते वाचून दाखवलं. ॲल्विन चहाच्या टेबलापाशी उभा होता आणि त्याच्या आजूबाजूची जागा हळूहळू मोकळी होत गेली. विल्फ आलाच नव्हता. त्याची जोडी त्यानं जमिनीतच राहू दिली, आणि पहिलं बक्षीस एका भलत्याच जोडीला गेलं.

तीन आठवडे विल्फ बोलला नाही. गावही फारसं बोललं नाही. हिलरी बोलायची, पण मोजकंच.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी अणुवीज केंद्राचा पास खिशात घालून, खुर्ची डोक्यावर धरून ॲल्विन गाडीकडे निघाला. कुंपणापाशी विल्फ उभा होता. त्यानं खिशातून लाल वही काढली, घड्याळ पाहिलं, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिता लिहिता म्हणाला, "आठ वाजून चार मिनिटं. उशीर झाला, संचालकसाहेब."

ॲल्विननं खुर्ची खाली ठेवली. त्याला हसायचं होतं, पण रडू आलं, आणि ते पुसायला त्याला टायशिवाय काही सापडलं नाही.